शिशाचा उपास

ईस्टरआधीच्या लेंटच्या चाळीस दिवसांत ख्रिस्ती माणसानं आवडीची एखादी गोष्ट सोडावी, असा नियम आहे. स्टोनी फोर्कचा वेंडेल ह्युबनर हा नियम दरवर्षी कसोशीनं पाळायचा. एका वर्षी त्यानं सलगम सोडलं, एका वर्षी डुकराची कलेजी. गुडघे दुखायला लागले त्या वर्षी त्यानं नाच सोडला. त्यागाच्या बाबतीत त्याचा हात धरणारा माणूस गावात दुसरा नव्हता.

वेंडेलनं उभी हयात शवपेट्यांच्या कारखान्यात मुठी बसवण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर लोक मासे धरतात, टोमॅटो लावतात. वेंडेलनं नोकरीत असतानाचाच नाद पुढे चालवला; तो गॅरेजमध्ये शिसं वितळवायचा. चाकांचा तोल साधायला टायरवाले शिशाचे छोटे तुकडे बसवतात. असे जुने तुकडे तो डब्यांनी आणायचा, पातेल्यात वितळवायचा, वर तरंगणारी घाण चमच्यानं काढायचा आणि साच्यात ओतून रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या पाडायचा. मग रिकाम्या पुंगळ्यांत दारू भरून वर ती गोळी दाबली, की काडतूस तयार. तो चमचा त्याच्या बायकोच्या लग्नातल्या संचातला होता. आर्डिथनं त्याच्यावर पाणी सोडलं त्याला आता बरीच वर्षं झाली होती.

गावातली बाकीची मंडळी तांब्याचं कवच चढवलेल्या गोळ्या दुकानातून विकत आणत. आर्डिथचा भाऊ डूएन त्यांचा म्होरक्या. वेंडेलला त्याची कीव यायची.

"विकतची गोळी म्हणजे पाकिटातला केक," तो म्हणायचा. "पाणी घाला, ढवळा आणि मीच केला म्हणून मिरवा. ज्याला स्वतःची गोळी ओतता येत नाही, त्यानं बंदुकीला हात लावू नये."

"मी करते तो केक पाकिटातलाच असतो," आर्डिथ म्हणायची.

"म्हणून तर मी खात नाही."

हे मात्र खरं होतं. तिच्या वाढदिवसालासुद्धा त्यानं कधी तुकडा तोंडात घातला नव्हता. माणूस तत्त्वाचा.

एवढ्या तत्त्वाच्या गोळ्या नेमक्या जायच्या कुठे, हा प्रश्न वेगळा. ईस्टरआधीच्या रविवारच्या, म्हणजे पाम संडेच्या, आदल्या दिवशी चर्चमागच्या माळावर नेमबाजीची स्पर्धा व्हायची. टेबलावर बोलिंगच्या खेळात चेंडूनं पाडतात तसल्या लाकडी बाटल्या मांडलेल्या असत. सगळ्या बाटल्या जो सर्वांत आधी टेबलाखाली पाडेल, त्याला बक्षीस म्हणून ईस्टरचं अख्खं हॅम. वेंडेलला ते हॅम कधीच मिळालं नव्हतं. कधी वारा आडवा यायचा, कधी ऊन डोळ्यांवर यायचं. एकदा तर टेबलच तिरकं होतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं वेंडेलचं अंगण दरवर्षी नव्या बाजूला वाकायचं. ईस्टरचं हॅम आर्डिथ दुकानातून आणायची आणि डूएन आपलं जिंकलेलं हॅम खांद्यावर टाकून मुद्दाम ह्युबनरांच्या दारावरून जायचा.

वेंडेलच्या शर्टाच्या खिशात ताजी ओतलेली एक गोळी कायम असायची. चर्चच्या दारात, न्हाव्याकडे, मयतीला, जिथे कोणी भेटेल तिथे तो ती काढून दाखवायचा. "बघ, काय चकाकी आहे!" लोक बघायचे आणि त्यांना एकदम काहीतरी काम आठवायचं. खरी कदर होती ती फक्त एका व्यक्तीला. त्याची नात टेसा दोन वर्षांची होती. आजोबांच्या मांडीवर चढली की पहिला हात खिशात घालायची, गोळी काढायची आणि तोंडात टाकायची. वेंडेल ती काढून घ्यायचा, शर्टाला पुसायचा आणि पुन्हा खिशात ठेवायचा. पोरीनं आजोबांची पारख उचलली, असं तो अभिमानानं सांगायचा.

फेब्रुवारीत त्याची मुलगी मार्ला हिचा फोन आला. टेसाच्या नेहमीच्या तपासणीत रक्तात शिसं सापडलं होतं. डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात शिशाचं काम कोण करतं?

"मी काय सांगितलं असेल, डॅड?" मार्ला म्हणाली.

"अगं, मी तीस वर्षं त्या धुरात उभा आहे. मला काय झालंय?"

"तेच बघायचंय. उद्या जाऊन रक्त तपासून घ्या."

वेंडेल गेला. त्याचा आकडा टेसाच्या कितीतरी पट निघाला. डॉक्टरांनी त्याला हाताची थरथर, पोटदुखी, विसरभोळेपणा, सगळं विचारलं. तो फारसा घाबरला नाही. नेमबाजांच्या बाकावर बसून त्यानं तो आकडा जरा मोठ्यानंच सांगितला. डूएनला मागे टाकता येईल असं अखेर काहीतरी त्याच्या हाती लागलं होतं.

घरी आला तेव्हा फोन पुन्हा वाजत होता. या वेळी मार्ला ओरडली नाही, त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

"टेसा आता त्या घरात येणार नाही. ईस्टरलाही नाही. शिसं जाईल, घर पुसून निघेल, तेव्हा बघू."

वेंडेलनं फोन ठेवला. समोरच्या भिंतीजवळ टेसाची छोटी खुर्ची होती. तो तिच्याकडे बघत बसला. मग खिशातली गोळी काढून बराच वेळ हातात धरून राहिला. दाखवायला समोर कोणी नव्हतं.

लेंट सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी चर्चमध्ये कपाळावर राख लावून घरी परतताना आर्डिथनं विचारलं, "यंदा काय सोडणार? सलगम?"

"विचार करतोय."

"विचार झालाय. यंदा शिसं सोड."

"चाळीस दिवस?"

"सुरुवात तर कर."

वेंडेलनं मनाशी हिशोब मांडला. गॅरेजमध्ये ओतून ठेवलेल्या गोळ्यांनी कॉफीचे डबे भरले होते. उपास ओतण्याचा होता, झाडण्याचा नव्हता. असल्या पळवाटा शोधण्यात त्यानं आयुष्य घालवलं होतं. पण आर्डिथ त्याच्याबरोबर त्याहून जास्त आयुष्य घालवल्यासारखी सावध होती. शनिवारी डूएनची गाडी दाराशी उभी राहिली, आणि पातेलं, साचे, डबे, तो चमचा, सगळं तिच्यात चढलं. आर्डिथनं गॅरेजची जमीन ओल्या फडक्यानं पुसली, मग पुन्हा पुसली. वेंडेलचे कामाचे शर्ट तिनं कचऱ्यात टाकले. तो दारात उभा राहून बघत होता. त्यानं बसवलेल्या मुठी धरून लोकांनी आजवर बरंच काही उचलून नेलं होतं, पण असं काही जाताना तो पहिल्यांदाच बघत होता.

"माझं हे शिसं ठेवणार कुठे?" त्यानं विचारलं.

"कोठारात, कुलपात," डूएन म्हणाला. "काळजी नको, वेंडेल. तसलं चोरण्याइतके वाईट दिवस अजून कोणावर आले नाहीत."

स्पर्धा जवळ आली. गोळ्या नव्हत्या. स्पर्धेला गेला नसता, तर लोकांनी तो घाबरला म्हटलं असतं. तेव्हा वेंडेल डूएनकडे गेला आणि त्याच्या कोठारात, त्याच्याच बाकावर बसून त्याच्याच डब्यातल्या तांब्याच्या गोळ्या पुंगळ्यांत भरू लागला.

"तांब्याला दारूचं माप वेगळं लागतं," डूएन म्हणाला. "पुस्तकात बघ."

"मला पुस्तक दाखवतोस?"

"वाचता येत नसेल तर वाचून दाखवतो, दाजी."

वेंडेलनं पुस्तक उघडलं. बायबलवरून फिरवावं तसं बोट ओळींवरून फिरवत त्यानं दारूचं एकेक माप तोललं.

स्पर्धेच्या दिवशी वारा होता. ऊन डोळ्यांवर येत होतं. टेबल, वेंडेलच्या मते, तिरकं होतं. हरण्याची सगळी जय्यत तयारी असताना त्यानं चाप ओढायला सुरुवात केली आणि बाटल्या पडल्या. एकही उरली नाही. घड्याळ धरणाऱ्यानं आकडा दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा त्याचा स्वतःवर विश्वास बसला नाही. डूएन दुसरा आला.

वेंडेलच्या हातात हॅम ठेवलं तेव्हा त्याचा चेहरा मयताला आल्यासारखा होता. तीस वर्षं तो सांगत आला होता की, नेम लागतो तो ओतीव शिशानं, आणि आयुष्यात पहिल्यांदा नेम लागला तो पाकिटातल्या केकनं. हरला असता तर निदान तत्त्व शाबूत राहिलं असतं.

"तांब्याची कमाल," डूएन म्हणाला.

"वारा पाठीमागून होता," वेंडेल म्हणाला.

ईस्टरला मार्ला आली. आधी एकटीच आत शिरली. गॅरेज पाहिलं, खिडक्यांच्या कडांवरून बोट फिरवलं, मग गाडीतून टेसाला आणलं. टेबलावर मध्यभागी ते हॅम होतं. डूएननं दोनदा वाढून घेतलं. वेंडेलनं फक्त बटाटे खाल्ले. हॅम खारट आहे, असं त्यानं न चाखताच सांगितलं.

"डॅड," मार्ला म्हणाली, "लेंट संपला. आता काय?"

आर्डिथचा हात वाडग्यावर थांबला. डूएनसुद्धा चावायचा थांबला. त्याच्या कोठारात ते पातेलं तसंच पडलं होतं, आणि चावी त्याच्या खिशात होती.

वेंडेल उत्तर देणार तेवढ्यात टेसा खुर्चीवरून उतरली, त्याच्या मांडीवर चढली आणि सवयीनं नव्या शर्टाच्या खिशात हात घातला. मार्ला अर्धी उठली. टेसानं मूठ बाहेर काढून उघडली. तिच्यात लाल जेलीच्या गोळ्या होत्या, जरा वितळून एकमेकींना चिकटलेल्या. तिनं एक तोंडात टाकली आणि आजोबांकडे बघून मान डोलावली.

"चकाकी बरी आहे," वेंडेल म्हणाला. मग डूएनकडे न बघता म्हणाला, "ते पातेलं भंगारात दे. आणि त्या तांब्याच्या गोळ्यांचा डबा, लहानातला लहान, कुठे मिळतो?"

डूएननं तोंड उघडलं. आर्डिथनं टेबलाखालून त्याला लाथ मारली आणि केक कापायला घेतला. सगळ्यांना देऊन झाल्यावर तिनं सुरी खाली ठेवली, तर वेंडेलची बशी पुढे आली होती.

"पाकिटातला आहे," ती म्हणाली.

"दिसतंय मला. कडेचा दे, आणि जरा मोठा काप."