चेअरमनच्या सुनेच्या गोळ्या

नांदूरघाटच्या दवाखान्यात धोंडीराम कंपाउंडर एकवीस वर्षं होता आणि एवढ्या काळात एकाही पेशंटशी तो गोड बोलला नव्हता. गोळ्या देताना असा वसकन अंगावर यायचा, की माणूस ताप विसरायचा. लोक त्याला मनसोक्त शिव्या द्यायचे, पण त्यानं सांगितलेलं विसरत नसत.

दोन हजार सोळाच्या दुष्काळात दूध सोसायटीचे चेअरमन सुंदरराव सुनेला घेऊन आले. टँकर आधी कुठल्या गल्लीत जाणार हे तेच ठरवायचे, त्यामुळे मान जरा जास्तच ताठ. धोंडीरामला हा माणूस डोळ्यांसमोर नको असायचा. सून गीता, वर्षभरापूर्वी लग्न झालेली. दोन्ही गाल पिकलेल्या मुरुमांनी भरलेले. डॉक्टरांनी तिला तपासलं, दिवस गेलेले नाहीत याची खात्री केली आणि सहा आठवड्यांच्या गोळ्या व मलम लिहून दिलं. कशा घ्यायच्या ते सांगायचं काम धोंडीरामचं.

गोळ्यांसाठी हात पुढं आला तो सुंदररावांचा. सुनेचं औषध सासऱ्यानं ताब्यात घ्यायचं; ही रीत कुणी पाडली देव जाणे. गीता बाहेर बाकड्यावर बसून राहिली.

"चेअरमन, नीट ऐका. जेवल्यावर, भरल्या तांब्याभर पान्यासंग घ्यायची. गिळली की अर्धा तास आडवं व्हायचं न्हाई. उन्हात तोंड झाकायचं. पाळी चुकली तर गोळी बंद करून इकडं यायचं. अन् दुधासंग बिलकुल न्हाई."

सुंदररावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माज्या सोसायटीच्या दुधाला नावं ठेवतोस व्हय बे? अन् तांब्याभर पानी? टँकर काय तुजा बाप आणतो?"

"बाप काढू नका. गोळी घशात अडकली तर आतून भाजंल, एवढंच सांगतो."

दोघं एकमेकांकडं खाऊ की गिळू असे बघत राहिले. मग सुंदररावांनी गोळ्या खिशात कोंबल्या आणि ते तणतणत निघून गेले. चेअरमनला चांगलं सुनावलं, या खुशीत धोंडीराम दिवसभर होता.

बाराव्या दिवशी सुंदररावांनीच गीताला परत आणलं. तिनं छाती घट्ट धरली होती, थुंकीही गिळवत नव्हती. गोळी किती पाण्याबरोबर घेतेस, असं डॉक्टरांनी विचारलं.

"घोटभर. पानी जपायला सासूबाई रांजणापाशीच बसून असत्यात. झोपताना घेते अन् लगीच आडवी हुते."

"अन्ननलिका भाजलीय," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी गोळ्या बंद केल्या.

"यानंच दिल्यात!" सुंदरराव धोंडीरामकडं बोट करून ओरडले.

धोंडीरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खोटं बोलू नका! एकूण एक गोष्ट सांगितलती म्या. इथंच!"

"मला न्हाई सांगितली," गीता म्हणाली. बोलताना कळ येत होती, तरी ती थांबली नाही. "गोळी मला गिळायची व्हती. मी बाहेरच बसले व्हते. साधी हाक बी न्हाई मारली तुमी."

सुंदरराव खाली बघू लागले. धोंडीरामला तिच्याकडं बघवेना.