जुन्या पेट्या हुंगणाऱ्या कमलाताई

जुनी पेटी विकत घेताना कमलाताई ती आधी वाजवून पाहत नसत, हुंगत. भाता उघडून त्यात नाक खुपसत आणि डोळे मिटून निकाल देत. "हिच्यात उंदीर नांदून गेलाय." "ही देवघरातली. सुरापेक्षा धूपच जास्त." त्यांचे माहेर नामपूरचे, घरी कांद्याचा व्यापार. कांदाचाळीच्या कुडात साठवलेला कांदा कुठल्या कोपऱ्यात सडू लागला, हे वासावरून सांगण्याचे काम लहानपणी त्यांच्याकडे असे. पुढे इंदिरानगरातल्या घराच्या गॅलरीत त्यांनी शिकाऊ लोकांसाठी वापरलेल्या पेट्या विकायला मांडल्या, त्याही कांद्यासारख्याच, सगळीकडून वारा लागेल अशा.

मी त्यांच्याकडे गेलो तो माझी पेटी विकायला. निवृत्तीनंतर मी वाजवायला शिकू लागलो होतो. पण खिडक्या लावून, आणि पत्नी भाजीला गेली की. शिक्षकांसमोर बोटे थरथरत, म्हणून शिकवणीही सोडली होती. कचेरीत जन्मभर दुसऱ्यांच्या सहीसाठी मसुदे लिहिणाऱ्या माणसाने या वयात स्वतःचा आवाज जगाला ऐकवू नये, असे मी मनाशी ठरवून टाकले होते.

कमलाताईंनी पेटी हुंगली. "साहेब, डांबरगोळ्यांचा वास येतोय. कपाटात कोंडता की काय बिचारीला?"

मी मान खाली घातली.

"घेते मी. पण माझी एक रीत आहे. गिऱ्हाईक आलं की जुन्या मालकानं समोर बसून वाजवून दाखवायचं. मुकी पेटी मी विकत नाही."

"आपणच वाजवून दाखवलीत तर?" मी अजिजीने विचारले.

"मला कुठं येतंय? मी नुसती हुंगते."

रविवारी त्यांनी बोलावून घेतले. गंगापूर रोडवरच्या एक डॉक्टरीणबाई पेटी पाहायला आल्या होत्या. मी भूपाची सरगम सुरू केली. भूपात वर्ज्य असलेला मध्यम दोनदा लागला. मग भात्यावरचा हात थांबला आणि पाठोपाठ बोटेही. "क्षमा करा," असे पुटपुटत मी उठू लागलो.

"शिकायला लागून किती दिवस झाले?" बाईंनी विचारले.

"वर्ष झालं असेल."

"वर्षभरानं एवढंच आलं तरी चालतं? मग मलाही जमेल की!" त्या मनापासून हसल्या आणि पेटी घेऊन गेल्या.

"बेस शे!" कमलाताईंनी टाळी दिली. आनंद झाला की त्यांच्या तोंडी माहेरची अहिराणी येई. "पट्टीचा वाजवणारा बसवला ना, की गिऱ्हाईक वाहवा करतं आणि घाबरून घरी जातं. तुमच्यासारखा अडखळणारा मिळत नाही हो! दर रविवारी येऊन माझ्याकडच्या पेट्या वाजवत जा. चहा माझा."

माझ्या उणिवेची कुणाला इतकी गरज असल्याचे मी प्रथमच ऐकत होतो. मी जाऊ लागलो. त्या उघड्या गॅलरीत लपायला जागाच नव्हती. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडे, "काका, परत चुकलं!" आणि कमलाताई खालून दटावत, "चुकू दे रे, धंदा चाललाय!" तिथे चुकता चुकता माझी बोटे थरथरायची कधी थांबली, ते माझ्या ध्यानातही आले नाही.

ते ध्यानात आले एका रविवारी. एक गृहस्थ माझी सरगम शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "वा! पण आपल्याला काही हे जमायचं नाही." आणि ते चपला घालून निघून गेले.

कमलाताई कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहत राहिल्या. "साहेब, गिऱ्हाईक पळवलंत."

"चुकलो," मी म्हणालो.

"चुकला असता तर बरं झालं असतं! पुढच्या रविवारपासून येऊ नका. तुम्ही आता माझ्या कामाचे राहिला नाहीत."

मग त्यांनी कोपऱ्यातली दुहेरी सुरांची मोठी पेटी ओढून बाहेर काढली, भाता उघडून तिचा एक दीर्घ वास घेतला आणि ती माझ्याकडे सरकवली.

"ही न्या. आणि कपाटात ठेवलीत, तर मला इथवर वास येईल."