वॉर्निश लावलेले तुकडे

तोलेगेन ओस्पानोव आमच्या कारागांदाच्या संस्थेत बत्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवतोय, आणि एवढ्या वर्षांत त्याला मनापासून पडलेला संशोधनाचा प्रश्न एकच: लेखावर आपलं नाव पहिलं आहे ना? पोलाद का तुटतं, हा प्रश्न पोटापुरता.

त्याची सगळी कीर्ती एका हिवाळ्यावर उभी आहे. शहरभर घरं गरम ठेवणारी व्यवस्था बंद पडली होती, खिडक्यांना प्लॅस्टिक ठोकलेलं. तोलेगेन दोन कोट आणि कातडी टोपी घालून लोलकाच्या हातोड्यानं खाणीत माणसं उतरवणाऱ्या पाळण्याच्या पोलादाचे नमुने मोडायचा, मी, प्रयोगशाळेतली मदतनीस, आकडे लिहायची. नोंदीच्या तक्त्यावर वरच छापलेलं होतं: तापमान वीस अंश. छापलेलं कोण खोडणार? त्यानं खोडलं नाही, मीही नाही. नमुने काचेसारखे तुटले. यानं निष्कर्ष काढला की हे पोलाद जात्याच ठिसूळ आहे. पदवी मिळाली, मग विभागप्रमुखपद. तेच आकडे शीर्षकं बदलून एक्केचाळीस लेखांत गेले.

साठीला लोक चपान म्हणजे भरजरी झगे वाटतात, पुस्तकं वाटतात. यानं काय वाटावं? ते मोडलेले अर्धे तुकडे! लाकडी बैठकीवर बसवलेले, खाली पितळी पट्टीवर स्वतःचं नाव, आणि तुटलेल्या बाजूची चकाकी जाऊ नये म्हणून वर वॉर्निश. प्रबंध-मंडळाच्या प्रत्येक सदस्याला एक. मलाही एक मिळाला. त्यानं मी अक्रोड फोडते.

पुढं त्याच्याकडे पीएचडी करायला तोगझान आली, शाख्तिन्स्कच्या खाणकामगाराची मुलगी. तिनं तेच पोलाद, त्याच हातोड्यानं, पण उबदार खोलीत मोडलं. तोडायला तिप्पट जोर लागला. जूनमध्ये तिचा करार संपत होता. त्याआधी पीएचडी झाली तर व्याख्यात्याची जागा, नाही तर भावाच्या दुकानात टायर विकणं.

"तुझा हातोडा बिघडलाय, पोरी," तोलेगेन म्हणाला.

"तुमचाच आहे, आगाय." आमच्याकडे सरांना आगाय म्हणतात, बाईंना आपाय.

"मग तुझा हात बिघडलाय. आकडे जुळवून आण. नाही तर मंडळासमोर मी विरोधात बोलणार."

ती थेट माझ्या घरी आली.

"रायखान आपाय, त्या हिवाळ्यात खोलीत किती अंश होते हो?"

"माझा चहा प्याल्यात गोठायचा. आता तूच ठरव."

"मग वीस का लिहिलंत?"

"लिहिलं नाही. छापलेलं होतं."

तिनं माझ्याकडे जे पाहिलं ते मला चांगलंच लागलं. "मंडळासमोर सांगाल?"

"सांगेन की! पण मी पडले प्रयोगशाळेतली बाई. म्हणतील, म्हातारीला थंडी वाजत असेल."

 मग टेबलावरचा माझा अक्रोडफोड्या तिनं उचलला, उजेडात धरला, उलटसुलट केला आणि हसतच सुटली.

मंडळाची सभा अध्यक्ष काकिमोवच्या दालनात भरली. तोलेगेन घसा साफ करून उठला. "विद्यार्थिनीचे आकडे माझ्या सिद्ध झालेल्या निष्कर्षांशी जुळत नाहीत."

"तोलेके म्हणतात म्हणजे..." काकिमोव तोलेगेनचं नाव मानानं घेत पुटपुटला. बाकीच्या माना मेंढरांसारख्या हलल्या.

"काकिमोव आगाय, तुमच्या टेबलावरची ती भेट जरा घेऊ का?" तोगझाननं विचारलं आणि घेतलीच. शेजारी आपले दोन तुकडे ठेवले. "हा मी वीस अंशांत मोडला. बघा, मळकट आहे, लोकरीसारखा ओढून फाटलाय. हा काल मीठ घातलेल्या बर्फात ठेवून मोडला, खडीसाखरेसारखा चमकतोय. आणि हा आपल्या आगायचा. आता तुम्हीच सांगा, याचा सख्खा भाऊ कोणता?"

काकिमोवनं चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला. "अहो तोलेके, हा तर थंडीतला! पुरावा तुम्हीच वॉर्निश लावून घरोघर पोचवलात की!"

हशा पिकला. मी मागून गोठलेल्या चहाचं सांगून टाकलं. तोलेगेन म्हणाला, "आपाय, तुम्हाला आठवत नसेल."

"टोपी तुझ्या डोक्यावर होती, तोलेगेन. आठवायला काय जातंय?"

अकरा मतांपैकी नऊ तोगझानला. मतदान गुप्त होतं, तरी उरलेली दोन कुणाची ते शिपायालाही ठाऊक होतं: एक तोलेगेनचं, एक त्याच्या मेहुण्याचं.

संध्याकाळी तोगझाननं रीतीप्रमाणे मंडळाला जेवण दिलं. सर्वांत जास्त घोड्याचं मांस तोलेगेननं खाल्लं. मग पेला उंचावून म्हणतो कसा, "हा प्रश्न मी तीस वर्षं जपून ठेवला होता, योग्य विद्यार्थिनी मिळावी म्हणून!" लाज नावाची वस्तू याच्या पोलादात मिसळलेलीच नाही.

दुसऱ्या सकाळी हा तिच्या दारात हजर. "लेख मासिकाकडे धाडशील तेव्हा विभागाची रीत लक्षात ठेव. प्रमुखाचं नाव पहिलं."

"आहे लक्षात, आगाय. तुमच्यासाठी वेगळा कागदच केलाय." तिनं एक पान पुढं केलं. त्यावर लिहिलं होतं की जुन्या लेखांतलं तापमान चुकीचं आहे, निष्कर्ष मागे घेत आहोत. खाली सहीची एकच जागा. "पहिलं नाव तुमचं. दुसरं नाहीच."

त्यानं पान वाचलं, चार घड्या घालून खिशात ठेवलं. याला पाच महिने झाले. सही नाही.

तोगझान व्याख्याती झाली. तिनं नवे तक्ते छापून घेतले, तापमानाची जागा कोरी ठेवून. मुलं भिंतीवरचा तापमापक बघून हातानं आकडा भरतात. दर शुक्रवारी विभागप्रमुख तोलेगेन त्या तक्त्यांच्या गठ्ठ्यावर सह्या करतो. वाचत नाही.