प्रमिलाताईंचं दार

रस्ता ओलांडताना कुणी न विचारता दंडाला धरलं, की प्रमिलाताई साळवे जागच्या जागी थांबायच्या. औरंगपुऱ्यात, भर गर्दीत, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. एका भल्या गृहस्थांनी मागून येऊन त्यांचा दंड पकडला. "चला ताई, मी सोडतो पलीकडे." ताई कुबडी रोवून उभ्या. दोन्ही बाजूंनी रिक्षावाले हॉर्न वाजवताहेत, गृहस्थ घामाघूम. "आधी हात सोडा," ताई म्हणाल्या, "मग चालते." त्यांनी सोडला, तशा त्या निघाल्या. पलीकडे पोचल्यावर मी म्हटलं, "अहो, चांगल्या मनाने केलं त्यांनी." झालं, भडकल्या. "चांगल्या मनाचं काय लोणचं घालू? मी काय ज्वारीचं पोतं हाय, दिसलं की उचलायला?"

आम्ही एकाच शाळेत शिकवायचो. त्या गणित, मी मराठी. लहानपणी झालेल्या पोलिओने त्यांचा डावा पाय अधू केला होता. वर्गात त्यांची भाषा अगदी छापील, पण राग आला की पैठणकडचं गाव थेट जिभेवर यायचं. लोक म्हणायचे, बाई फार तापट. मला तर वाटतं, जेवढं त्यांनी ऐकून घेतलं त्या मानाने त्या कमीच तापल्या.

गारखेड्यात त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ मिलिंद यांनी मिळून बांधलेलं घर होतं. अंगणाच्या कोपऱ्यात, घरापासून सुटं असं एक गॅरेज. त्यात ताईंची स्कूटर असायची, मागे दोन जादा चाकं लावलेली. त्या निवृत्त झाल्या त्याच सुमारास गॅरेजचं पत्र्याचं दार गंजून बिजागरीतून निखळलं. मग ते उचलून बाजूला ठेवायला रोज मिलिंद लागायला लागला. ताई सकाळी तयार होऊन, पर्स गळ्यात अडकवून अंगणात उभ्या, आणि मिलिंद आंघोळीला गेलेला. हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिलं, की त्या घरी जायचंच मला नकोसं झालं.

नवं दार बसवायचं ठरलं तेव्हा मिलिंदने परस्पर शटरवाल्याला बोलावलं. गॅरेज म्हटलं की शटर, त्यात विचारायचं काय! दुकानांना असतं तसलं, वर गुंडाळत जाणारं. म्हणजे जमिनीपर्यंत वाकून कुलूप काढा आणि हिसका देऊन वर ढकला. एका हातात कुबडी असलेल्या बाईने हे कसं करायचं? मिलिंदकडे उत्तर तयार होतं. "मी हाय ना, ताई!"

ताईंनी दुसरं दार पाहून ठेवलं होतं, एका जुन्या विद्यार्थिनीच्या बंगल्यावर. आडव्या फळ्यांचं, फळ्या बिजागऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या. त्या रुळांवरून सरकत वर जातात आणि छताखाली आडव्या होऊन राहतात. वजन स्प्रिंग पेलते, त्यामुळे कमरेच्या उंचीवरची मूठ एका हाताने उचलली की पुरे. पैसे ताईंचेच होते, तेव्हा तो वादच नव्हता. मिलिंद म्हणाला, "शटरलाच मोटर लावू. बटण दाबलं की वर."

"आन् लाईट गेल्यावर?"

"मी हाय ना!"

ताईंनी कपाळावर हात मारून घेतला.

खरी अडचण निघाली ती वेगळीच. गॅरेजला पोटमाळा होता आणि त्यावर भीमजयंतीच्या जेवणाची वस्तीची सगळी भांडी ठेवलेली. माणूस बसेल एवढाली पातेली, कढया, पराती. शटर दारावरच गुंडाळलं जातं, त्याने माळ्याला धक्का लागत नव्हता. फळ्यांच्या दाराला मात्र छताखालची जागा लागणार, म्हणजे माळा काढावा लागणार. बातमी फिरली आणि एका संध्याकाळी वस्तीतले दोन वडीलधारे समजूत घालायला आले. मी तिथेच चहा घेत बसले होते.

"जय भीम" वगैरे झालं. मग त्यातले थोरले म्हणाले, "ताई, एका माणसापायी समाजाची भांडी हलवायची का? गल्लीत इतकी पोरं हायेत. कुणीबी दार उघडून देईल."

ताईंनी कप खाली ठेवला. "दादा, माझ्या बापानं गाव कामून सोडलं, ठाव हाय ना तुमाला? पाटलाच्या दारात उन्हात उभं राहायचं, आतून कुणी कवा येतंय त्याची वाट बगत. त्यापायी सोडलं. आन् मी आता सोताच्या दारात उभी राहू? कुणी येऊन उघडंल म्हणून? पातेल्यांला जागा हाय, मला नाय?"

"तिथं आन् इथं लई फरक हाय, ताई. इथं सगळे आपलेच."

"म्हणून तर जास्त लागतंय."

दोघे उठून गेले. मग चार दिवसांत सगळ्यांना आठवलं, की विहारामागची खोली तर केव्हाची रिकामीच आहे! भांडी तिकडे गेली. म्हणजे इतका वेळ जागेचा प्रश्न नव्हताच. एका बाईने आपल्यासाठी काही मागावं, हेच कुणाच्या गळी उतरत नव्हतं.

दार बसलं त्या सकाळी गल्ली गोळा झाली होती. मिलिंद दोन्ही हात पुढे करून तयार. "हात खिशात घाल," ताई दाराची मूठ धरत ओरडल्या. दार वर गेलं, स्कूटर बाहेर आली. ताईंनी बसल्या जागेवरून दोरी ओढून दार खाली घेतलं आणि कुणाकडेही न बघता निघून गेल्या. आल्या त्या दिवेलागणीला.

"कुठं गेली व्हतीस?" मिलिंद रडकुंडीला आलेला.

"तू सांगून जातो का?"

त्यानंतर त्या जवळजवळ रोज जायच्या. मलाही कधी सांगितलं नाही. मला त्याचं थोडं वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

गेल्या हिवाळ्यात थोड्याशा आजाराचं निमित्त होऊन ताई गेल्या. विहारात शोकसभा झाली. आमचे निवृत्त मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले. बिचारी, दुर्दैवी, सोशिक, असे एकेक शब्द येत होते आणि माझं डोकं तापत होतं. सोशिक? प्रमिलाताई? शेवटी सर गहिवरून म्हणाले, "धन्य तो भाऊ! बहिणीला फुलासारखं जपलं. एकटीला कधी घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही." लोकांनी माना डोलावल्या. मी तिरीमिरीत उठले, पण माझ्याआधी मिलिंद उठला होता.

"खोटं हाय ते, सर," तो म्हणाला. "ताई एकटीच जायची. रोज जायची. कुठं जायची, मला आजबी ठाव नाय. मी इचारायचं सोडलं, तेवढंच काय ते मी तिच्यासाठी केलं."