फूटपट्टीचा फळा

आमच्या वन्संना त्यांच्या मुली पाठीमागे फूटपट्टी म्हणायच्या. मुली म्हणजे पोटच्या नव्हेत, शिवणक्लासच्या. उंच, सडपातळ, कणा ताठ, आणि कुणाचं काही वाकडं दिसलं की लगेच मोजायला तयार. मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी मला नजरेनंच मोजून घेतलं. "डावा खांदा उतरतोय तुझा," एवढं म्हणाल्या आणि चहाचा कप पुढे केला. मला अस्सा राग आला होता! पण आरशासमोर उभी राहिले तर खांदा खरंच उतरत होता.

क्लास भरायचा लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर, एका लांबुळक्या खोलीत. कापायची टेबलं, खिडकीकडेनं मशिनी, आणि समोरच्या भिंतीवर काळा फळा. वन्संचा आवाज एवढा खणखणीत की खाली इस्त्री करणारा माणूस म्हणायचा, "बाई, मलासुद्धा आता बाही कापता येते." वर्गात नियम फार नव्हते, पण जे होते ते मोडायची कुणाची टाप नव्हती. संध्याकाळी फळा पुसल्याशिवाय दाराला कुलूप लागायचं नाही. "कालचं बघून कापणारी बाई जन्मभर कालचंच कापते," असं त्यांचं म्हणणं. मात्र फळ्याची उजवी बाजू मुलींची. तिथे जिनं आपली बाही आखली, तिनंच ती पुसायची, तीही शिवलेली बाही खांद्यावर नीट बसल्यावर. तोवर वन्संनी त्या आखणीला बोट लावलं नाही कधी. मुलीनं पुसली की त्या "शाब्बास" म्हणायच्या. एरवी हा शब्द त्यांच्या तोंडून काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं.

मग घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरला तो कापड फाडल्यासारखा खरखरीत, तोही जपून वापरायचा असं डॉक्टरांनी बजावलं. काही दिवस त्यांनी हातवारे करून शिकवलं. मुलींना कळेना, वन्संना राग येई, आणि राग आला तरी ओरडता येईना. एकेक करून मुली गळाल्या. मशिनी विकल्या गेल्या, खोली सोडावी लागली, वन्सं आमच्याकडे राहायला आल्या आणि खिडकीपाशी बसून राहू लागल्या. एकदा दुपारी मी भाजी निवडत होते, तर मागून तो फाटका आवाज आला. "शिकवत नाही तर मी आहे कोण गं?" मी मान वर केली नाही. डोळे भरून आले होते आणि मला रडताना कुणी बघितलेलं खपत नाही.

उपाय काढला माझ्या लेकीनं. ती कॉम्प्युटरवरच पोट भरते. तिनं आत्याला ऑनलाइन डॉक्युमेंट उघडून दिलं. "आत्या, बोलू नकोस, लिही." वन्सं दोन बोटांनी टाइप करायला लागल्या. कागदावर आखणी करायची, फोनवर फोटो काढायचा, तो मजकुरात चिकटवायचा. हे सगळं त्या आठवडाभरात शिकल्या. खिडकीपाशी बसलेली बाई पुन्हा ताठ झाली.

पण त्या डॉक्युमेंटचा पत्ता! मालगाडीएवढा लांब, त्यात अक्षरं काय, आकडे काय. वन्संनी तो चिठ्ठीवर उतरवून एका जुन्या मुलीला दिला, तर तिला वाटलं औषधाचं नाव आहे.

"आपण याची वेबसाइट करू," लेक म्हणाली. "डॉक्युमेंट हेच राहील. तू इथे लिहिलंस की तिथे दिसेल. फक्त पत्ता आपला स्वतःचा घ्यायचा. दारावरच्या पाटीसारखा."

पाटीवर नाव काय? यांनी 'आदर्श' सुचवलं, लेकीनं काहीतरी इंग्रजी सुचवलं. वन्संनी दोघांना हातानं गप्प केलं आणि टाइप केलं: फूटपट्टी. 

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"बहिरी नाही मी," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "मुकी झालेय."

तर असा फूटपट्टीचा पत्ता झाला. जुन्या मुलींना कळला, त्यांनी आपल्या बहिणींना, जावांना सांगितला. पहिल्याच सकाळी वन्संनी बाहीचा धडा लिहिला. बाही जिथे जोडतात तो मुंढा कसा मोजायचा, गोलाई कुठे वाढवायची, कुठे दाबायची. वाचताना मला त्यांचा जुना आवाज ऐकू येत होता.

आणि रात्री निरोप यायला लागले. पान कोरं आहे. काहीच दिसत नाही. कधी सुरू होणार?

लेकीनं बघितलं तर खरंच कोरं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धडा हजर, रात्री पुन्हा कोरं. तिनं सगळी सेटिंग्ज तपासली, पत्ता विकणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिकडून एक गोड आवाज म्हणायचा, आमच्याकडून सगळं व्यवस्थित आहे. मग मी फोन घेतला आणि त्या गोड आवाजाची चांगली हजेरी घेतली. बिचाऱ्याची काही चूक नव्हती, हे मला नंतर कळलं.

कळलं ते असं. दिवेलागणीची वेळ होती. मी कपड्यांच्या घड्या घेऊन खोलीत गेले, तर वन्सं कॉम्प्युटरसमोर. त्यांनी अख्खा धडा निवडला, एक बटण दाबलं, सगळं पुसून टाकलं. मग चष्मा काढून डबीत ठेवला, आणि खडूची पूड झटकावी तसे दोन्ही हात झटकले.

"वन्सं!" मी किंचाळलेच. "हे काय केलंत?"

"फळा पुसला," त्या म्हणाल्या. त्यात विचारण्यासारखं काय आहे, असा चेहरा.

माझा आवाज ऐकून आलेल्या लेकीनं कपाळाला हात लावला. मी मात्र भडकले. "अहो, त्या बाया दिवसभर कामावर असतात. जेवणं आटोपली, भांडी झाली की पान उघडतात. त्यांनी काय तुमचा कोरा फळा बघायचा?"

"वर्गात वेळेवर यावं."

"वर्ग कुठे आहे? ना दार, ना घंटा!"

त्यांचा चेहरा उतरला. मी जीभ चावली, पण शब्द सुटून गेला होता. लेकीनं मधे पडून सांगितलं की पुसलेलं सगळं आत शाबूत आहे, ती एका क्षणात परत आणेल. वन्संनी मान हलवली. "पुसलेलं उकरायचं नाही," म्हणाल्या आणि उठून गेल्या.

पुढे तेच चालू राहिलं. सकाळी धडा, संध्याकाळी कोरं पान. निरोप कमी झाले, मग थांबलेच. वन्सं लिहीत राहिल्या, पण एकेका ओळीनंतर खिडकीकडे बघायला लागल्या. मला धास्ती वाटत होती की आता परत त्या खिडकीच्याच होणार. आणि यांना म्हटलं तर हे म्हणतात, "ताईचं डोकं फिरलं की मी मधे पडत नाही." जन्मात कधी पडलात म्हणा!

मग मला सुचलं. लेकीला म्हटलं, "अगं, फळ्याची उजवी बाजू कुठाय?" तिला काही कळेना. मी नियम समजावून सांगितला. तिनं त्याच पानावर, धड्याच्या खाली, बायांना लिहायची मुभा दिली आणि जुन्या निरोपांमधल्या सगळ्यांना कळवलं. आत्याला आम्ही काही बोललो नाही.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत असावी, एका नर्सबाईनं लिहिलं. सोबत तिच्या आखणीचा फोटो. "बाही पुढून ओढतेय. हात वर केला की अख्खा झगा वर येतो. पेशंट हसतात. कुठे चुकलं?"

संध्याकाळी वन्सं पुसायला बसल्या. आम्ही मायलेकी दाराआड. त्यांनी बटणावर बोट नेलं आणि थांबल्या. चष्मा नीट केला. फोटो मोठा करून बघितला. मग टेबलावरची टेप उचलून उगाच गळ्यात घातली.

परक्या मुलीची आखणी. ती त्या पुसणार कशा? उत्तर लिहिलं, तर त्यात 'वर तिसऱ्या आकृतीत बघ' असं आलं. म्हणजे वरचा धडाही ठेवणं आलं.  मग कॉम्प्युटर मिटला आणि हात न झटकताच जेवायला आल्या. मी ताटात एक पोळी जास्त वाढली. 

रात्रीतून खाली आणखी लिखाण आलं. रिक्षा चालवणारी एक, दाताच्या दवाखान्यातली एक, सात महिन्यांचं पोट घेऊन बाळाचं झबलं शिवणारी एक. वन्सं सकाळी दात घासायच्या आधी कॉम्प्युटरपाशी. सगळ्यांना उत्तरं, आणि उत्तरांत तो जुना धाक. 'घाई कोणी सांगितली होती?' 'टेप ओली आहे का तुझी?' बाया हसायच्या आणि पुन्हा कापायच्या.

नर्सबाईचं मात्र जमेना. तिनं चार वेळा बाही उसवली. एकदा लिहिलं, "राहू दे बाई, माझ्या हातात कलाच नाही." वन्संनी त्यावर एवढंच लिहिलं: "हात असतो. कला नंतर येते. मुंढा पुन्हा मोज."

काल संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. वन्सं पान उघडून बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत पानावर नर्सबाईची ओळ उमटली: "बसली. हात वर केला, झगा जागेवर. पुसते, बाई."

आणि तिची आखणी, तिचे प्रश्न, उसवल्याची रडगाणी, सगळं एकेक ओळ करून पानावरून नाहीसं व्हायला लागलं. ती कुठे बसली होती कोण जाणे, पण आपला भाग ती आपल्या हातानं पुसत होती.

"शाब्बास!"

माझ्या हातातली पळी खाली पडली. आवाज फाटका होता, खरखरीत होता, पण घरभर ऐकू गेला. हे बाहेरच्या खोलीतून धावत आले. वन्सं घसा धरून खोकत होत्या आणि हसत होत्या. मी पाणी घेऊन गेले आणि त्यांनी ओरडायला नको होतं म्हणून मीच त्यांना ओरडले. त्यांनी पेला बाजूला ठेवला. तिकडे ऐकू गेलं नसणार, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, त्यांनी लिहिलं:

"शाब्बास. आता दुसरी बाही."