पुरावा अप्राप्त

दिवाळीची सुट्टी संपून ऑफिस उघडलं त्या आठवड्यात मला कामाचा नुसता वीट आला होता. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं की हे असंच होतं म्हणतात. आमचं कनिष्ठ महाविद्यालय सातपुड्याच्या पायथ्याशी, आणि मी तिथे सत्तावीस वर्षं लिपिक. दाखले, बोनाफाइड, शिष्यवृत्तीचे फॉर्म, पुन्हा दाखले. खुर्चीची गादी तीनदा बदलली, टेबलापलीकडची गर्दी मात्र तीच.

शुक्रवारी सकाळी एक मुलगी येऊन उभी राहिली. आमचीच जुनी विद्यार्थिनी, डोंगरात नदीकाठी असलेल्या मणिबेलीकडची. आदल्या दिवशी घरून बोटीने निघाली होती, मग जीप, मग एसटी, आणि रात्री वसतिगृहातल्या मैत्रिणीकडे मुक्काम. वनरक्षक म्हणून तिची निवड झाली होती. सोमवारी कागदपत्रांची पडताळणी होती आणि आमच्या दाखल्यावर तिच्या वडिलांचं नाव चुकलेलं होतं.

चुकलेलं म्हणजे आम्हीच चुकवलेलं. डोंगरातल्या माणसांची नावं त्यांच्या बोलीतली असतात. आमच्यातल्या कोणीतरी प्रवेशाच्या वेळी ते नाव ऐकलं, त्याला ते अशुद्ध वाटलं, आणि त्याने ते शुद्ध करून लिहिलं. देवाचं छानसं नाव. बापाचं मात्र राहिलं नाही. बाकी सगळ्या कागदांवर एक बाप आणि आमच्या दाखल्यावर दुसरा, अशी त्या पोरीची गत.

"दुरुस्तीला पहिल्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा लागतो," मी न बघताच म्हणाले. हे वाक्य मी झोपेतही म्हणू शकते.

"तो दिलाय मॅडम. दोन वर्षांपूर्वी. मेलवर पाठवला होता." तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक चिठ्ठी काढली. तिच्या अर्जाची पोच होती ती, आमचा शिक्का, माझी सही. आणि माझ्याच अक्षरात शेरा: पुरावा अप्राप्त.

"अगं, मग मिळाला नाही म्हणूनच लिहिलंय की इथे."

ती गोंधळली. चिठ्ठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "प्राप्त म्हणजे मिळाला ना मॅडम? मला वाटलं, मिळाला. म्हणून मी परत आले नाही, नवा दाखला लागेल तेव्हा न्यायचा होता."

घरी वेगळी बोली, शाळेत आमची मराठी, आणि त्यात हा ऑफिसचा शब्द. 'मिळाला नाही' लिहायला मला काय धाड भरली होती? पण तसं लिहिलं की ऑफिस ऑफिससारखं वाटत नाही. तो एक 'अ' न कळल्याने ती दोन वर्षं निवांत राहिली.

आता दुसरा उतारा आणणंही शक्य नव्हतं. तिच्या पहिल्या शाळेचं, त्या जुन्या आश्रमशाळेचं, रजिस्टर वाळवीने खाल्लं होतं. त्याआधी तिथल्या गुरुजींनी पानाचा फोटो काढला होता आणि बाजाराच्या गावातल्या एका झेरॉक्सच्या दुकानातून आम्हाला मेल केला होता. ते दुकान बंद पडलं, दुकानदार सुरतेला गेला. गुरुजींचा फोन बोटीतून उतरताना पाण्यात पडला. त्या पानाची जगात एकच प्रत उरली असेल तर ती आमच्या संगणकात.

आणि आमचा मेल दसऱ्यापासून उघडत नव्हता.

ही गोष्ट तोवर फक्त मला ठाऊक होती. नवे मेल मी फोनवर बघायचे आणि वेळ मारून न्यायचे. जुने सगळे एकाच भल्यामोठ्या फाइलमध्ये. आमच्याकडे मेल आला की तो या संगणकात उतरतो आणि वरच्या सर्व्हरवरून पुसला जातो, अशी सोय कोणीतरी करून ठेवली होती. त्यामुळे ही फाइल गेली की सगळंच गेलं. ती उघडायला गेलं की एकच ओळ यायची: फाइल खराब झाली आहे.

ती कशी खराब झाली, तेही मला ठाऊक होतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! खांडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आमच्याकडे ऑफिसातल्या सगळ्या यंत्रांची पूजा असते. टाइपरायटरची व्हायची, आता संगणकाची होते. मी नेमकी त्या वेळी मेल उतरवत बसले होते. शिपाईमामा ताट घेऊन दारात.

"ताई, बंद करा मशीन. चालू मशीनले कोनी हयद-कुकू लावस का?"

"मामा, पाच मिनिटं. मन्हं काम चालू शे."

"तुमले रोजच काम शे. देवले एकच दिन शे."

प्राचार्य हात जोडून उभे, सगळे चपला काढून उभे. पडद्यावरचं चक्र फिरतच होतं, बंद होईना. मी सरळ भिंतीवरचं बटण खाली ओढलं. यूपीएस चार वर्षांपासून नुसता शोभेला होता. संगणक मिटला, मामांनी कुंकू लावलं, नारळ फुटला. प्रसाद मीही खाल्ला.

संगणक शिकवणाऱ्या सरांना मी त्या शुक्रवारी बोलावलं. त्यांनी उभ्या उभ्या पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, ही कामातून गेली. फॉरमॅट मारू?" मी त्यांना चहा न विचारताच परत पाठवलं. मग फोनवर शोधत बसले. त्या मेलच्या प्रोग्रामच्याच पोटात दुरुस्तीचं एक छोटं अवजार दडलेलं असतं, हे मला सत्तावीस वर्षांच्या नोकरीत कोणी सांगितलं नव्हतं. आधी फाइलची प्रत काढायची आणि ती दुसरीकडे ठेवायची. मूळ फाइलवर लगेच हात चालवायचा नाही. मग अवजाराला फाइल दाखवायची आणि गप्प बसायचं. ते आठ फेऱ्या मारतं.

पहिल्या दोन फेऱ्या पटकन झाल्या. तिसरीत ते जे अडकलं ते हलेना. मुलगी बाकावर बसून होती, पिशवी मांडीवर. मी दाखले लिहीत होते आणि डोळा पडद्यावर. मला तिचा राग येत होता, हे आज कबूल करते. ती काही बोलत नव्हती, म्हणून जास्तच. आरडाओरडा करणाऱ्याला दोन शब्द सुनावता येतात. गप्प बसणाऱ्याचं काय करायचं?

दीडला मामा आले. "सकायपाइन बठेल शे ती पोर. काही खादं नही तिनी. अन् तुम्हीन बी नही." त्यांनी स्वतःच्या डब्यातली भाकरी आणि मिरचीचा ठेचा आमच्या दोघींपुढे ठेवला. मग पडद्याकडे बघून हळूच विचारलं, "ताई, हाई त्या पूजाना दिनपाइन बिघडेल शे ना?"

मी मान हलवली. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मी घाई कयी," म्हणाले.

"बटन मी बंद कयं, मामा."

साडेतीनला आठवी फेरी संपली. फाइल उघडली. पण तिच्यातले सगळे कप्पे मोडले होते. हरवलेलं-सापडलेलं अशा अर्थाच्या इंग्रजी नावाचा एकच कप्पा, आणि त्यात हजारो मेल, कुठलाही कुठेही, गोणी फाटून दाणे सांडावेत तसे. मी रडायच्या बेतात होते. मी तिला बाकावरून माझ्या शेजारच्या खुर्चीवर बोलावलं. त्या खुर्चीवर आजवर कुठलाच विद्यार्थी बसला नव्हता.

"दुकानाचं नाव आठवतं?"

"नाव नाही आठवत. पाटीवर दोन मोर होते."

मी शोधाच्या जागी मोराचा इंग्रजी शब्द लिहिला. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात तो शब्द असलेला एकच मेल आला. विषयाची जागा कोरी, खाली एक फोटो जोडलेला. मी फोटो उघडला. पिवळं पान, कडा कुरतडलेल्या, आणि निळ्या शाईत तिच्या बापाचं नाव, जसं तो स्वतः सांगतो तसं. ती पुढे वाकली आणि ते नाव मोठ्याने वाचलं. एकदाच.

आणि मग मला तारीख दिसली. माझ्या शेऱ्याच्या चार दिवस आधीची.

फोटो बंद करून मी मागच्या यादीत आले. दुरुस्तीच्या अवजाराने खुणा जशाच्या तशा ठेवल्या होत्या. शेजारचे सगळे मेल बारीक अक्षरात, आणि तो एकटा ठळक. फोटो उघडला तरी मेल अजून न वाचलेल्यांतच मोजला जात होता.

"हा जाड का दिसतो मॅडम?" तिने विचारलं.

मला पटकन काहीतरी सांगता आलं असतं. संगणकाच्या नावावर काहीही खपतं. पण त्या दिवशी मी फार थकले होते, आणि खोटं बोलायलाही बळ लागतं. "जो कोणी उघडलाच नाही तो जाड दिसतो," मी म्हणाले. "हा आला होता. प्रवेशाचे दिवस होते, विषय कोरा होता, मी पाहिलाच नाही. न बघता शेरा मारला. माझं चुकलं."

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि ती एका वीस-बावीस वर्षांच्या पोरीपुढे वाटत होती. मी पानाची प्रिंट काढली, दुरुस्तीचा दाखला लिहिला, प्राचार्यांची सही स्वतः जाऊन आणली. वडिलांचं नाव लिहिताना एकेक अक्षर तिला विचारून लिहिलं. पाचची एसटी तिला मिळणार होती.

दाखला पिशवीत ठेवून ती दारापर्यंत गेली आणि परत आली. ती जुनी चिठ्ठी तिने टेबलावर ठेवली.

"मॅडम, यातला 'अ' खोडून द्या."

"आता याची गरज नाही गं. नवा दाखला आहे ना."

"तरी द्या."

मी लाल पेनाने 'अ' खोडला. खाडाखोड केली की शेजारी सही करावी लागते, तो नियम मीच सगळ्यांना शिकवलेला. मी सही केली आणि खाली तारीख टाकायला लागले.

"आजची नको मॅडम," ती म्हणाली. "आला होता त्या दिवशीची टाका."