चिंचेनं घासलेले राजपुत्र

ए, जरा फोन कानाजवळ घे आणि 'काकू, मीटिंग आहे' म्हणू नकोस. दोन दिवाळ्या झाल्या तुला इकडे येऊन, शोभतं का हे? अरे, रोमच्या राजघराण्याची काळजी करणारा जगात एकच माणूस उरलाय आणि तो इथं अर्विंगमध्ये माझ्या शेजारी राहतो. तुझे बाबा.

सकाळी चहाला येतात ते अठराशे वर्षांपूर्वीच्या बातम्या घेऊन. राणीचं माहेर सीरियाचं, सासरी तिचं कसं जमलं असेल, या चर्चेत माझी पोळी करपते. चांदीच्या नाण्यांवरचे राजे, राण्या, जावई सगळे त्यांना नात्यातलेच. परवा किराणा दुकानात एका जाडजूड माणसाकडे बघून हळूच म्हणाले, "वहिनी, थेट आपला नीरो. मानेवरून ओळखला." तो बिचारा कोथिंबीर निवडत होता.

पण जीव सगळा त्या एका नाण्यावर. एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला तिची दोन मुलं, समोरासमोर तोंडं करून. पुढे बाप गेल्यावर मोठ्यानं धाकट्याला मारून टाकलं आणि राज्यभर नाण्यांवरचे, पुतळ्यांवरचे त्याचे चेहरे खरवडून काढले. हे सांगताना बाबांचा चहा अजून गार होतो. तुझी आई दर लक्ष्मीपूजनाला देवाच्या भांड्यांबरोबर ते नाणंही चिंचेनं लख्ख घासायची, राणीला हळदकुंकू लावायची. नाणी जमवणाऱ्या एका गोऱ्या आजोबांनी ते पाहिलं आणि मटकन खाली बसले. जुन्या नाण्याची काळी झाक म्हणे कधी घालवायची नसते. "कोणी केलं हे?" तर बाबा ताठ मानेनं म्हणतात, "माय वाइफ. एव्हरी दिवाळी."

आई गेली आणि बाबांनी कुणाकडे राहायचं यावरून तुम्ही दोघं भाऊ बोलेनासे झालात. दादा म्हणतो ईडन प्रेरीला माझ्याकडे, तू म्हणतोस हर्नडनला माझ्याकडे. बाबा कुठंच जात नाहीत. "एकाकडे गेलो की दुसरा कायमचा तुटेल, वहिनी," म्हणतात. काल मी त्यांच्याकडची दिवाळीची भांडी काढायला गेले, तर बाबा नाणं घेऊन बसलेले. भिंग माझ्या हातात दिलं. "बघा, हिनं घासून घासून दोघांची नाकं झिजवली. मोठा कुठला, धाकटा कुठला, आता मलाही सांगता येत नाही." खूप हसले, आणि मग बराच वेळ चष्माच पुसत राहिले.

यंदा पूजेला मुलांची बाजू वर ठेवणार आहेत. दादाला मी सकाळीच फोन केला, 'बघतो' म्हणाला. तू तरी बघतो म्हणू नकोस. चिंच मी भिजत घालते. भांडायचंच असेल तर नाणं कोणी घासायचं यावरून, इथं आमच्यासमोर भांडा. लवकर ये रे.